अतीत कोण?

टॉर्च बंद कर आधी. सेल काय झाडाला लागतात? लाइट यायची तेव्हा येईल, देवासची लाइट आहे ती, तुझ्या कोकलण्यानं येणार नाही. आणि तिकडे कठड्यापाशी दात काढतंय ते कोण? हसायचं असेल तर खाली जा. मी सांगतोय ती घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर बेतली तो माणूस अजून धारला राहतो, रोज सकाळी स्कूटरला लाथा घालून दवाखान्यात जातो. विश्वास नसेल तर जाऊन विचारा. सांगणार नाही तो, हा भाग वेगळा. मलाही एकदाच सांगितलं, आणि सांगता सांगता मधेच उठून नळाखाली हात धुऊन आला.

डॉक्टर माधव. आमच्या धारच्या गल्लीतला. माझ्याहून बराच लहान, मला भाऊ म्हणतो. सर्जन झाला. इंदूरला राहिला असता तर एव्हाना बंगला बांधला असता, पण आईला धार सुटेना आणि याला आई सुटेना. त्या आईचंच काम निघालं होतं. देवघरातला महादेव पुसताना हातातून पडला आणि टवका उडाला. भंगलेला देव पुजत नाहीत म्हणून म्हातारीनं धोशा लावला, धरमपुरीला जा आणि नर्मदेतला बाण आण. बाण म्हणजे तो लांबट गुळगुळीत गोटा रे, पाण्यात घासून घासून आपोआप पिंडीसारखा झालेला. सर्जन असला म्हणून काय झालं, आईपुढे हा हमालच.

साल अठ्ठ्याहत्तर. शनिवार. पिठोरी अमावास्या. सकाळच्या बसनं गेला. घाटावरच्या पुजाऱ्यानं चांगला बाण काढून दिला, तो रुमालात बांधला, आणि संध्याकाळी येऊन बसची वाट बघत उभा राहिला. बस कुठली? दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता. रस्त्यावरच्या नाल्याला पूर, इकडे नर्मदा चढलेली, नावा बंद. गावातून बाहेर पडायला वाटच नाही. मग तो तिथल्या लहानशा दवाखान्यात गेला, कारण तिथे प्रेमला सिस्टर होती, पूर्वी धारला त्याच्याबरोबर काम केलेली. ती म्हणाली, "डॉक्टरसाब, ऑपरेशनच्या खोलीशेजारी खाट टाकून देते. आमचे डॉक्टर सुट्टीवर आहेत, तुम्ही आलात हे कुणाला माहीत नाही. निवांत झोपा."

रात्री अकराच्या सुमाराला तिनंच उठवलं.

बाहेर पडवीत मानाजीराव मास्तर उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. तिथल्या शाळेतले मास्तर. त्यांचे वडील धारच्या दरबारात कारकून, म्हणजे तसे आपल्यातलेच. बरोबर दोन माणसं, आणि त्यांनी खुर्चीसकट उचलून आणलेली मास्तरांची बायको, जयवंती. खुर्चीसकट का? कारण तिला आडवं केलं की तिचा श्वास कोंडायचा. गळ्याला जुनी गाठ होती तिच्या. नर्मदेकाठी कितीतरी बायकांना असते, गलगंड म्हणतात. पण आज ती गाठ दिवेलागणीपासून दुप्पट झाली होती. चेहरा निळा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. गाठीच्या आत रक्तस्राव होत होता आणि ते रक्त श्वासनळी दाबत होतं.

"एकदम कसं झालं हे?" माधवनं विचारलं.

मास्तर म्हणाले, "तिनं हाक मारली, साब."

"कुणाला?"

प्रेमलानं माधवला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

आता मला सांगा, पिठोरी कुणाला माहीत आहे? विनोदिनी, तुझी आई करते ना? "वो खीर-पूरी वाला" म्हणे! बघा, नेमकं खाण्याचं लक्षात राहतं. अगं, मुलांसाठी आईनं करायचं व्रत ते. दिवेलागणीला आई खीर-पुरीचं ताट खांद्यावरून मागं धरते. मूल पाठीशी उभं. ती मागं न बघता विचारते, "अतीत कोण?" मूल म्हणतं, "मी." तीनदा विचारायचं, आणि मग मागं न बघताच ताट त्याच्या हातात द्यायचं. एवढंच. काय म्हणालीस? अतीत मतलब बीता हुआ? शाब्बास! तुमच्या त्या हिंदी शाळेनं मराठीचं पार वाटोळं केलं. अतिथीचं झालं अतीत. पाहुणा. दारी आलेला. पण असू दे... तुझाही अर्थ असू दे. त्या रात्री तोही चालून गेला.

जयवंतीला एकच मुलगी होती. शशी. आदल्या पावसाळ्यात पैलतीराहून येताना, नावेतून उतरताना पाय घसरला आणि नाव आणि काठ यांच्या मधे गेली. नावाड्यांनी आठ दिवस नदी धुंडाळली. सापडली नाही. आणि न सापडलेलं माणूस कसं असतं, ते घरच्यांना गेलं म्हणताही येत नाही. त्या दिवशी संध्याकाळी जयवंतीनं खीर केली, पुऱ्या तळल्या. मास्तर म्हणाले, कुणासाठी करतेस? ताट खांद्यावर धरून दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि विचारलं. मागं कोण असणार? दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारची माणसं धावत आली. हाक पुरी झालीच नाही. त्या जोरानं गाठीच्या आतच काहीतरी फुटलं, ताट पडलं आणि तिनं दोन्ही हातांनी गळा धरला.

तर ही बाई अशी माधवच्या पुढ्यात बसलेली. धार लांब राहिलं, नाल्यापलीकडे जायची सोय नव्हती. गळा उघडून ते रक्त काढलं नाही तर पहाट बघणार नव्हती ती. आणि भूल द्यायची कशी? भूल देणारा डॉक्टर नाही. ईथरची बाटली कपाटात होती, पण लाइट गेलेली, वर पेट्रोमॅक्स जळतोय. ईथरची वाफ आणि ज्वाला एका खोलीत म्हणजे सगळेच पेटले असते. शिवाय बेशुद्ध केलं की गळा सैल पडतो. होता नव्हता तेवढा श्वास तोही बंद.

एकच रस्ता होता. नुसती मान बधिर करायची. माणूस जागं ठेवायचं आणि गळा कापायचा. अंगावर काटा आला ना? पण होतं तसं. मानेच्या दोन्ही बाजूंना कानामागून छातीकडे उतरणारा जाड स्नायू असतो, हात लावून बघा, हां, तोच. त्याच्या मागच्या कडेला, साधारण मध्यावर, मानेच्या नसा वर येतात. तिथे सुई घालून औषध पसरायचं. मग गळ्याची कातडी, कानाची पाळी, कानामागचा केसांचा भाग, खाली खांद्यापर्यंत, सगळं मेल्यासारखं होतं. सुई फार आत गेली तर श्वासाचा पडदाच झोपतो, आणि इथे मुळात श्वासाचीच ओढाताण. म्हणजे हात जरा चुकला तर त्याच्याच औषधानं ती मरायची. औषध तरी कुठलं? नसबंदीच्या शिबिरांतलं उरलेलं. हत्यारंही तिथलीच. शिबिरं बंद झाली होती आणि पेटी कुलपात पडली होती.

प्रेमलानं जयवंतीचे केस कोरडे पुसून, विंचरून वर घेतले आणि डोक्याला फडकं घट्ट बांधलं. टेबल भिंतीला सरकवलं, गादीची वळकटी करून तिला अर्धवट बसवलं. पाठीमागे वळकटी, वळकटीमागे भिंत. हनुवटीच्या वर आडवी चादर ताणली, म्हणजे तिला सुरी दिसू नये. माधवला मग फक्त गळा दिसत होता. चेहरा चादरीपलीकडे.

दोन्ही बाजूंना सुया दिल्या. थांबला. मग तिच्या कानाची पाळी चिमट्यानं जोरात दाबली. "वहिनी, दुखतंय?" तिनं बोटानं नाही म्हटलं. कानामागे सुई टोचली. तिथेही नाही.

मग त्यानं सुरी चालवली.

गाठीतलं काळं रक्त भसकन बाहेर आलं, आणि भाऊ, म्हणाला मला, तिनं असा श्वास घेतला की खोलीभर ऐकू गेला. इतका सुटला तो श्वास. प्रेमला रडायलाच लागली. पण काम संपलं नव्हतं. आतून ताजं रक्त येतच होतं. खोल कुठेतरी एक रक्तवाहिनी फुटली होती. माधवनं बोटानं ती दाबून धरली. आता चिमटा लावायचा आणि बांधायची. पण तिथेच, अगदी तिला चिकटून, आवाजाची नस जाते. दोऱ्याएवढी. चिमट्यात ती सापडली की बाई जन्माची मुकी. म्हणून अशा वेळी माणसाला बोलतं ठेवतात. आवाज घोगरा झाला की समजायचं, चिमटा चुकीच्या जागी पडतोय.

"वहिनी, बोलत राहा," तो म्हणाला. "काहीही बोला. थांबू नका."

"काय बोलू?"

"आज काय केलं होतं घरी?"

हे विचारलं आणि त्याला वाटलं जीभ हासडावी. पण विचारून झालं होतं. ती म्हणाली, "खीर." बाहेर पाऊस. पेट्रोमॅक्सचा सूं सूं आवाज. माधवचं एक बोट तिच्या गळ्यात, दुसऱ्या हातात चिमटा.

"बोला, वहिनी."

आणि चादरीपलीकडून ती म्हणाली, "अतीत कोण?"

प्रेमलाचा हात थबकला. माधवनं मानेनंच खुणावलं, बोलू दे. आवाज साफ होता. त्यानं चिमटा थोडा पुढे नेला.

"अतीत कोण?"

साफ. आणखी थोडा पुढे.

"अतीत... कोण?"

साफ. नस वाचली, एवढंच त्याच्या मनात आलं. बरं वाटलं त्याला.

मग चादरीपलीकडून...

"मी."

...

लहान आवाज. पोरीचा.

माधवनं प्रेमलाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर फडकं. वर नुसते डोळे. ते डोळे त्याला विचारत होते, तुम्ही बोललात?

कुणीच बोललं नव्हतं.

"शशी?" जयवंती म्हणाली.

आणि माधवला बोटाखाली मान हललेली जाणवली. थोडीशीच. रक्त उसळून वर आलं. जखम भरली. काही दिसेना. मान बधिर, तिला स्वतःला काहीच कळत नव्हतं. आपला गळा उघडा आहे, आत एका माणसाचं बोट आहे, आणि त्या बोटावर आपला जीव आहे, हे तिला दुखून कळायचं तर सगळं दुखणंच माधवनं मारून टाकलेलं.

"वहिनी, हलू नका!"

"मागे आहे हो ती."

"मागे भिंत आहे. हलू नका."

"मला बघू द्या. एकदाच. मग मेले तरी चालेल."

प्रेमलानं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. पण वर्षभर पोरीची वाट बघणाऱ्या बाईला दोन हात काय आवरणार? डोकं वळत होतं. हळूहळू. माधवच्या बोटावरून रक्तवाहिनी निसटत होती.

आणि परत...

"आई... दे ना."

...

नाही, थांब. विचारू नकोस काही. ऐक.

माधव मला म्हणाला, "भाऊ, त्या घडीला मला शास्त्र आठवलं नाही, देव आठवला नाही. आई आठवली. मी लहान असताना ताट घ्यायला तिच्या पाठीमागे उभा राहायचो ना, ती पाठ आठवली." आणि तो ओरडला नाही. अगदी हळू, घरातल्यासारखं बोलला.

"जयवंतीवहिनी, मागं बघायचं नसतं."

डोकं थांबलं.

"न बघता द्यायचं असतं. बघितलं तर अतीत जेवत नाही. उपाशी जातो."

हे शेवटचं त्यानं पदरचं घातलं. असं कुठे सांगितलेलं नाही. पण तिनं ऐकलं. मान सरळ झाली. जिथून वळली होती तिथे परत आली. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझ्याकडे काहीच नाही हो द्यायला. ताट सांडलं."

प्रेमला म्हणाली, "हात द्या, बाई. हात पुरतो."

जयवंतीनं उजवा हात चादरीखालून वर घेतला, खांद्यावरून मागं नेला. तळवा उघडा. तसाच धरून बसली. मान जराही हलवली नाही.

माधवनं जाळीच्या कापडानं रक्त टिपलं. वाहिनी सापडली. चिमटा लावला. गाठ मारली. दुसरी मारली. आणि सगळा वेळ चादरीपलीकडून तिचं चाललेलं...

"घेतलास का गं हात?"

...

"शशे, घेतलास का?"

...

उत्तर नाही. पाऊस थांबला होता. पेट्रोमॅक्स मंद झाला होता. तिचा हात अवघडला तरी ती खाली घेईना. मान न हलवता रडणारं माणूस पाहिलंय कुणी? प्रेमलानं पाहिलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. शेवटचा टाका पडला तेव्हा ती म्हणाली, "हातात काहीच आलं नाही, डॉक्टर. गेली ती. उपाशी गेली."

जीव वाचला होता, आवाज वाचला होता. सर्जनच्या हिशेबानं सगळं झालं होतं. आणि माधवला वाटत होतं, त्यानं एका आईला तिच्या पोरीकडे पाठ करायला लावली. एकदाच बघू द्या म्हणत होती, तेवढंही बघू दिलं नाही. हे सांगतानाच तो उठून नळाकडे गेला बघा.

उजाडायला आलं होतं. मास्तरांना आत घेतलं. ते बायकोच्या पायापाशी मटकन बसले, तिच्या पावलांवर हात ठेवला. प्रेमला तिचे कपडे सारखे करायला लागली. डोक्याचं फडकं सोडायला गेली तर गाठ सुटेना, तिनंच घट्ट मारलेली. शेवटी कात्रीनं कापली.

आणि तिचा हात तिथेच राहिला.

"डॉक्टरसाब... इकडे या."

सगळे केस तिनं स्वतः विंचरून वर बांधले होते. कोरडे होते, जसेच्या तसे. फक्त उजव्या कानामागे, अगदी मुळाशी, एक बारीकशी वेणी घातलेली होती. करंगळीएवढी. वाकडी. एक पेड जाड, एक बारीक, मधेच चुकून परत उलगडून घातल्यासारखी. नव्यानंच वेणी शिकलेल्या पोरी घालतात ना, तशी. टोकाला त्याच रक्त टिपायच्या जाळीच्या कापडाची चिंधी बांधलेली. आणि तेवढीच वेणी ओली. पाणी गळत होतं तिच्यातून.

जयवंतीनं विचारलं, काय झालं? प्रेमलानं तिचा हात धरून कानामागे नेला.

बोटांना वेणी लागली. ती वेणीवरून खाली आली, चिंधीपर्यंत. परत वर गेली. मग कानामागची कातडी दाबून बघितली. चिमटा काढला. नखं रोवली. काहीच कळेना. तिनं माधवकडे असं पाहिलं की तो म्हणाला, भाऊ, ती नजर मला मरेपर्यंत पुरेल.

"इथे बसून घातली तिनं," ती म्हणाली. "इतका वेळ तिचे हात इथे होते. आणि मला... डॉक्टर, मला काहीच कळलं नाही हो."

ऊन आलं तेव्हा औषध उतरलं. आधी गळा ठणकायला लागला, मग कानाच्या पाळीला जाणीव आली, मग कानामागे. जयवंती तिथेच हात ठेवून, डोळे मिटून वाट बघत बसली होती. पण आता तिथे फक्त तिची स्वतःचीच बोटं लागत होती.